वातानुकूलित कक्षापासून पंखाविरहित लॅपटॉपपर्यंत : मुंबई उपनगरांतील संगणकीय उष्णता आणि हलकेफुलके खेळ यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा वेग, स्मृती आणि किंमत या तीन मापांनी होत आले आहे. यंत्र किती वेगाने गणित करते, किती माहिती साठवते आणि कितीला मिळते, हे प्रश्न अभ्यासकांनी वारंवार विचारले. परंतु ते यंत्र कोणत्या खोलीत ठेवले होते आणि त्यातून निघणारी उष्णता कोणी, कशाने व कोणाच्या खर्चाने बाहेर नेली, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. वस्तुतः संगणकात शिरणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. ती वेळेवर बाहेर पडली नाही तर यंत्र बंद पडते, किंवा अलीकडच्या यंत्रांप्रमाणे स्वतःचा वेग आपणच कमी करून घेते.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत आज अगदी घरगुती रूपात समोर येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील घरांत पातळ, वजनाला हलके आणि पंखा नसलेले लॅपटॉप आता अपरिचित राहिलेले नाहीत. अध्यापन, लेखन, पत्रव्यवहार ही कामे त्यांवर निर्वेधपणे होतात. मात्र मे महिन्याच्या दुपारी त्याच लॅपटॉपवर एखादा साधा खेळ, म्हणजे पत्त्यांचा डाव, रंगीत गोळ्या जुळवण्याचे कोडे किंवा शेत फुलवण्याचा खेळ सुरू केला, की पहिली काही मिनिटे सर्व सुरळीत चालते. पुढे चित्रे अडखळू लागतात आणि लॅपटॉपची तळबाजू मांडीला चटका देऊ लागते. यंत्र सदोष आहे किंवा आपणच त्यावर अनावश्यक काही भरून ठेवले आहे, असा समज वापरणारा करून घेतो. हा समज बहुतांशी चुकीचा असून या अडचणीला सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची व्याप्ती आणि भूमिका

प्रस्तुत अभ्यासात १९६० पासूनच्या कालखंडाचे चार टप्पे कल्पिले आहेत. पहिल्या टप्प्यात उष्णतेचा भार संस्थेने उचलला. दुसऱ्या टप्प्यात तो यंत्रातील पंख्याने उचलून घराच्या हवेत सोडला. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे मोबाइलवरील प्रारंभिक खेळांच्या काळात, खेळ तयार करणाऱ्यांनी यंत्राची मर्यादा आधीच मान्य केली आणि तीत मावेल एवढाच खेळ रचला. चौथ्या म्हणजे सध्याच्या टप्प्यात पंखा गेला, पण मर्यादा मात्र ग्राहकाला स्पष्टपणे सांगितली गेली नाही. या मांडणीतून निघणारे मुख्य विधान असे : संगणकाची कार्यक्षमता हा एकट्या यंत्राचा गुण नाही, यंत्र, त्यावर चालणारा खेळ आणि ज्या खोलीत ते ठेवले आहे ती खोली, या तिघांच्या हिशेबातून ती ठरते. पंखाविरहित लॅपटॉपवर खेळ सुधारण्याचे जे उपाय खरोखर उपयोगी पडतात, ते सर्व या हिशेबाशी निगडित आहेत.

पहिला टप्पा : थंड कक्षातील यंत्र

मुंबईतील संगणकाची कथा उपनगरांच्या बाहेर, कुलाब्यात सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला पूर्ण आकाराचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. निर्वात नलिकेचे काम तिच्या तंतूच्या तप्ततेवरच अवलंबून असते. म्हणजे या पिढीच्या यंत्रात उष्णता हा दोष नसून कार्याची अटच होती. अशा हजारो नलिका एकत्र ठेवल्यावर थंड हवेचा अखंड पुरवठा ही चैन राहत नाही, तो यंत्राचाच एक अवयव होतो.

उपनगरांत संगणक आला तो प्रथम शिक्षणसंस्थेच्या द्वारे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेला सोव्हिएत संघाचे साहाय्य लाभले होते, आणि त्याच संबंधातून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे 'मिन्स्क-२' हा सोव्हिएत बनावटीचा संगणक आला. पुढे १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला 'सीप्झ' हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठीचे विशेष क्षेत्र सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस टाटा बरोजसारख्या संगणक कंपन्यांचे काम तेथे उभे राहिले. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या छपरांखाली लोक घामाघूम होत असताना त्याच परिसरात काही खोल्या अहोरात्र थंड ठेवल्या जात होत्या, आणि त्या माणसांसाठी नव्हत्या, यंत्रांसाठी होत्या.

या टप्प्याचे एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. कक्ष किती थंड हवा, त्याला वीज किती लागेल आणि तिचे देयक कोण भरेल, हे सारे यंत्र येण्यापूर्वीच ठरवावे लागे. उष्णतेचा हिशेब अंदाजपत्रकातच लिहिलेला असे. यंत्राची क्षमता आणि खोलीची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा भ्रम त्या काळात कोणाला होण्याचे कारण नव्हते.

दुसरा टप्पा : पंखा घरात येतो

१९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात वीजपुरवठ्याच्या पेटीतच एक छोटा पंखा होता. वातानुकूलित कक्षाचे काम आता हाताच्या पंजाएवढ्या पंख्याकडे आले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने भारतात आयातीचे नियम सैल केले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत गेला. उपनगरांतील ग्राहक सुटे भाग घेण्यासाठी दक्षिण मुंबईतील लॅमिंग्टन रोड गाठत आणि खोकी लोकलने घरी आणत. अशा संगणकाचा आवाज म्हणजे मुख्यतः पंख्याचाच आवाज होता.

पंखा नको असा विचार त्या काळातही नव्हता असे नाही. १९८० मध्ये आलेला 'ॲपल-३' पंख्याविना बनवण्यात आला; त्याच्या आरंभीच्या यंत्रांत मोठ्या प्रमाणावर बिघाड झाले आणि हजारो यंत्रे बदलून द्यावी लागली. १९८४ चा मूळ मॅकिन्टॉशही बिनपंख्याचा होता. भारतात १९८४-८५ च्या सुमारास 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांत जे 'बीबीसी मायक्रो' संगणक पोहोचले, त्यांतही पंखा नव्हता. त्यांचा प्रोसेसर केवळ २ मेगाहर्ट्‌झ वेगाचा असल्याने त्याची गरजही नव्हती. पंखाविरहित संगणक ही एकविसाव्या शतकाची नवलाई नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते. यंत्राला पंखा लागतो की नाही हे त्याच्याकडून किती कामाची अपेक्षा केली जाते यावर ठरते.

ही अपेक्षा १९९० नंतर झपाट्याने वाढली. प्रोसेसरच्या चिपमध्ये खर्च होणारी वीज स्थूलमानाने दोन गोष्टींवर अवलंबून असते : तिच्या ठोक्यांचा वेग आणि विद्युतदाबाचा वर्ग. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ट्रान्झिस्टर लहान होत गेले आणि त्याच प्रमाणात विद्युतदाबही कमी करत नेला, तर वेग वाढूनही चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागील उष्णता वाढणार नाही. हा नियम सुमारे तीन दशके उद्योगाला पुरला. २००५ च्या आसपास विद्युतदाब आणखी खाली नेणे अशक्य झाले आणि तो नियम संपुष्टात आला. २००४ मधील पेंटियम-४ मालिकेतील काही प्रोसेसर ११५ वॉटपर्यंत पोहोचले होते. म्हणजे एका जुन्या पद्धतीच्या १०० वॉटच्या दिव्याहून अधिक उष्णता एका छोट्याशा चौकोनातून बाहेर काढावी लागत होती. त्याच वर्षी इंटेलने त्या मालिकेतील पुढील प्रोसेसरची योजना रद्द केली.

याच कालखंडात उपनगरांत सायबर कॅफेंचा प्रसार झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केल्यानंतर काही वर्षांतच रेल्वे स्थानकांच्या परिसरात अशी दुकाने उभी राहिली. एका लहान गाळ्यात आठ-दहा संगणक म्हणजे आठ-दहा पंखे एकमेकांची तापलेली हवा पुन्हा एकमेकांकडे ढकलत असत. त्यामुळे वातानुकूलन यंत्र हा चालकाच्या खर्चातला मोठा भाग असे आणि तो तासाच्या दरातून वसूल होई. ग्राहक उष्णतेचे मूल्य याही टप्प्यात मोजत होताच. फक्त त्याला ते दिसत नव्हते.

खेळांच्या बाजूने पाहता या टप्प्यातील सर्वांत व्यापक खेळ कोणता, असे विचारल्यास विंडोजसोबत १९९० पासून येणाऱ्या 'सॉलिटेअर'चे नाव घ्यावे लागेल. या पत्त्यांच्या खेळाची रचना तांत्रिकदृष्ट्या बोधप्रद आहे. खेळणाऱ्याने पान हलवले तरच पडद्याचा तेवढा भाग नव्याने रेखाटला जाई. खेळणारा विचार करत बसला की यंत्रही विसावत असे.

तिसरा टप्पा : चौसष्ट किलोबाइटची शिस्त

हलक्याफुलक्या खेळांचा उद्योग भारतात उभा राहिला तो प्रामुख्याने मोबाइलच्या आधाराने, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत 'इंडियागेम्स' सुरू केली. २००७ मध्ये यूटीव्हीने तीत मोठा हिस्सा घेतला. नितीश मित्तरसेन यांची 'नझारा' ही कंपनीही त्याच सुमारास मुंबईत सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. २००६ मध्ये अनिल अंबानी समूहाने 'झपाक' हे खेळांचे संकेतस्थळ सुरू केले, तर आलोक केजरीवाल यांच्या 'गेम्स-टू-विन'ने ब्राउझरमधील छोट्या खेळांवर भर दिला.

या काळातील नोकियाच्या अनेक रंगीत फोनवर पडदा १२८ × १२८ बिंदूंचा असे आणि जावा भाषेतील खेळाची संपूर्ण फाइल ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. चित्रे, ध्वनी, नियम, गुणपत्रक हे सारे त्यातच. फोनमध्ये पंखा नव्हता आणि असण्याची शक्यताही नव्हती. परिणामी खेळ रचणाऱ्याला पहिल्या दिवसापासून वजाबाकी करावी लागे : पार्श्वभूमीचे चित्र तुकड्यातुकड्यांनी पुन्हा वापरणे, रंगांची संख्या घटवणे, एकच चित्र उलटे करून दुसऱ्या दिशेला वापरणे, खेळाडूने कळ दाबेपर्यंत काहीही न हलवणे. शिवाय एकच खेळ वेगवेगळ्या पडद्यांच्या आणि क्षमतांच्या असंख्य फोनवर बसवून देण्याचे, उद्योगाच्या भाषेत 'पोर्टिंग'चे, काम तरुण अभियंत्यांचा बराच वेळ घेई. या कामाची गणना सर्जनशील कामात झाली नाही आणि त्याची नोंदही फारशी कोठे झाली नाही. तथापि मर्यादित यंत्रावर खेळ सुरळीत कसा चालवावा याचे प्रत्यक्ष ज्ञान या शहरात जमा झाले ते याच श्रमांतून.

पंखाविरहित यंत्राचा आणखी एक प्रयोग उपनगरातच झाला, याची येथे नोंद घेणे आवश्यक आहे. केंद्र सरकारच्या 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटच्या प्रकल्पाची धुरा २०१२ मध्ये पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'आकाश-२'चे अनावरण झाले. १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि ७ इंचांचा पडदा असलेल्या या यंत्राबद्दल पुष्कळ मतभेद झाले. परंतु त्याच्या मर्यादा जाहीर होत्या, आणि त्यासाठी शैक्षणिक साधने लिहिणाऱ्यांना त्या गृहीत धरूनच लिहावे लागले.

चौथा टप्पा : पंखा गेला, मर्यादा झाकली गेली

२०१४ मध्ये इंटेलने ४.५ वॉट उष्णतेच्या मर्यादेत चालणारा 'कोअर-एम' हा प्रोसेसर आणला. २०१५ मध्ये ॲपलचा १३.१ मिलिमीटर जाडीचा पंखाविरहित मॅकबुक आला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच कंपनीच्या मॅकबुक एअरमधून, नवा एम-१ प्रोसेसर बसवताना, पंखा काढून टाकण्यात आला; २०२२ च्या आवृत्तीत जाडी ११.३ मिलिमीटरवर आली. या यंत्रांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अल्पकाळच्या कामात ती पंखा असलेल्या कित्येक यंत्रांना मागे टाकतात. अडचण दीर्घकाळच्या अखंड कामात येते. पंखा नसलेल्या यंत्रात चिपची उष्णता धातूच्या पत्र्यातून संपूर्ण कवचात पसरते आणि तेथून हवेत जाते. कवच तापेपर्यंतची काही मिनिटे यंत्र पूर्ण वेगाने चालते. नंतर जेवढी उष्णता बाहेर जाऊ शकते तेवढीच निर्माण व्हावी म्हणून ते वेग उतरवते. या क्रियेला 'थ्रॉटलिंग' म्हणतात.

येथे खोलीचा प्रश्न निर्णायक ठरतो. तापलेल्या वस्तूकडून हवेत जाणारी उष्णता साधारणतः त्या दोहोंच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. लॅपटॉपचे कवच हाताला सोसेल एवढ्याच, समजा ४५ अंश सेल्सिअस, तापमानावर ठेवायचे आहे असे धरले, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक २० अंश असतो. ३३ अंशांच्या खोलीत तो १२ अंश उरतो. म्हणजे त्याच यंत्राचे उष्णता बाहेर टाकण्याचे सामर्थ्य सुमारे दोन-पंचमांशाने घटते. सांताक्रूझच्या वेधशाळेत, जिची नोंद उपनगरांसाठी प्रमाण मानली जाते, मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान सुमारे ३३ अंशच असते आणि मार्च १९५६ मध्ये तेथे ४१.७ अंशांची नोंद झाली आहे. ॲपलने आपल्या लॅपटॉपसाठी सांगितलेली वापराची तापमानमर्यादा १० ते ३५ अंश आहे. वरच्या मजल्यावरील, पश्चिमेकडे भिंत असलेल्या उपनगरी घरात दुपारी ही मर्यादा गाठली जाणे अवघड नाही. जाहिरातीतील वेग खोटा नसतो. तो अशा दुपारचा मात्र नसतो.

दुसरा बदल खेळांच्या बाजूने झाला. ब्राउझरमधील छोट्या खेळांना दीर्घकाळ आधार देणाऱ्या 'फ्लॅश'चे साहाय्य ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. आजचे बहुतेक हलकेफुलके खेळ 'युनिटी'सारख्या सर्वसाधारण इंजिनांवर रचले जातात. अशी इंजिने मुळात सतत हालचाल असलेल्या खेळांसाठी योजलेली असतात. त्यामुळे वेगळी तजवीज केली नाही तर पडद्यावर काहीही बदललेले नसतानाही ती सेकंदाला ६० वेळा किंवा त्याहून अधिक वेळा संपूर्ण चित्र नव्याने रेखाटत राहतात. आकडेवारीनेही हे पाहता येईल. १२८ × १२८ चा पडदा म्हणजे १६,३८४ बिंदू. २०२० च्या मॅकबुक एअरचा २५६० × १६०० चा पडदा म्हणजे ४०,९६,००० बिंदू, अर्थात बरोबर २५० पट. १९९० चे 'सॉलिटेअर' खेळणारा विचार करत असताना विसावत असे; आजचा पत्त्यांचा खेळ खेळणारा चहा करायला उठला तरी पूर्ण पडदा रंगवतच राहतो. साध्या खेळाने लॅपटॉप का तापतो याचे उत्तर खेळाच्या साधेपणात शोधून सापडत नाही, ते त्याच्या या अविरत रेखाटनात आहे.

उपायांची परंपरा

या पार्श्वभूमीवर पंखाविरहित लॅपटॉपवर खेळ सुधारण्याचे उपाय पाहिले असता त्यांच्यामागील एकसूत्रता लक्षात येते.

पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे सेकंदाला किती चित्रे रेखाटायची यावर मर्यादा घालणे. खेळाच्या पर्यायांत ६० ऐवजी ३० ही मर्यादा निवडल्यास रेखाटनाचे काम निम्मे होते. पत्ते किंवा कोड्यांच्या खेळात डोळ्यांना हा फरक क्वचितच जाणवतो. मर्यादेची सोय नसेल तेथे निदान पडद्याच्या गतीशी जुळवून घेण्याचा 'व्ही-सिंक' हा पर्याय चालू ठेवावा, कारण तो बंद असल्यास काही खेळ मेनूच्या स्थिर पडद्यावरही सेकंदाला शेकडो चित्रे काढत बसतात.

दुसरा उपाय खेळाचे रिझोल्यूशन उतरवण्याचा आहे. २५६० × १६०० ऐवजी १२८० × ८०० निवडल्यास बिंदूंची संख्या बरोबर एक-चतुर्थांश होते. सावल्या, प्रतिबिंबे आणि कडा गुळगुळीत करणारे पर्याय बंद केल्यास भार आणखी उतरतो.

तिसरा उपाय यंत्राला मुळातच बेताने चालवण्याचा. ॲपलच्या लॅपटॉपमध्ये २०२१ पासून कमी विजेवर चालण्याची सोय आहे. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्क्यांवर ठेवल्यास सर्वसाधारणपणे त्याची तात्पुरती जादा वेगाची झेप बंद होते. वेग थोडा कमी करून उष्णता पुष्कळ कमी होते याचे कारण वर सांगितलेल्या सूत्रात आहे. वेग २० टक्क्यांनी आणि त्यासोबत विद्युतदाब १० टक्क्यांनी उतरला, तर वीजखर्च मूळच्या सुमारे ६५ टक्क्यांवर येतो. प्रारंभी धावून नंतर अडखळण्यापेक्षा आरंभापासून एकाच चालीने चालणे खेळाच्या दृष्टीने अधिक सुखावह ठरते.

चौथा उपाय खोलीशी संबंधित आहे. गादी किंवा उशी उष्णता अडवते. लाकडी वा धातूच्या पृष्ठभागावर मागील बाजू किंचित उचलून ठेवलेला लॅपटॉप लवकर थंड होतो. खेळताना बॅटरी भारित होत असल्यास तिची उष्णता त्यात मिळते, म्हणून भारण आधीच करून घ्यावे. उपनगरी घरात एक साधन तर आधीपासूनच आहे : छताचा पंखा. यंत्रातून काढून टाकलेला पंखा खोलीच्या छतावर शिल्लक आहे आणि त्याच्या वाऱ्याने कवचावरील उष्ण हवेचा थर हलताच उष्णता बाहेर जाण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढते. मुंबईच्या दमट हवेत माणसाचा घाम वाळत नाही म्हणून त्याला पंख्याचा लाभ कमी होतो. कोरड्या धातूला मात्र ही अडचण नसते, त्याला हवेचे तापमान आणि तिची हालचाल एवढ्याचाच संबंध.

कवच उघडून चिपवरील पत्रा आणि तळ यांच्यामध्ये उष्णतावाहक गादी बसवण्याचा एक उपाय काही हौशी वापरकर्ते करतात. त्याने दीर्घकाळचा वेग वाढतो. परंतु ती उष्णता तळाशी, म्हणजे मांडीवर येते आणि हमीचा प्रश्नही उद्भवतो. भार नाहीसा होत नाही, केवळ दुसऱ्याकडे सरकतो, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

यांतील पहिले तीन उपाय म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील मोबाइल-खेळ रचणाऱ्यांचीच वजाबाकी. चौथा उपाय म्हणजे पहिल्या टप्प्यातील कक्ष-नियोजनाचे घरगुती रूप. त्यांत नवे असे फारसे नाही. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी जे काम संस्थेचा अभियंता किंवा खेळाचा निर्माता करी, ते आता खेळणाऱ्याने स्वतः शोधून करायचे आहे.

प्रश्नाचे सामाजिक परिमाण

खेळ हा गौण विषय आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तथापि खेळात जे दिसते तेच अध्यापनातही घडते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत महाविद्यालयीन वर्ग घराघरांत गेले. चित्रसंवाद हे यंत्राच्या दृष्टीने खेळासारखेच अखंड काम आहे, आणि तासभर चाललेल्या व्याख्यानात पंखाविरहित यंत्र त्याच रीतीने तापते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास मुंबई महानगराचा वीजपुरवठा मोठ्या प्रमाणावर खंडित झाला, लोकल थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. लॅपटॉपची बॅटरी शिल्लक होती, परंतु छताचा पंखा बंद होता. घरातील यंत्र एकटे काम करत नसते, हे त्या दिवशी पुष्कळांच्या प्रत्ययास आले असणार.

वातानुकूलित खोली असलेल्या आणि नसलेल्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच किमतीचा लॅपटॉप घेतला, तरी मे महिन्यात त्यांना मिळणारे यंत्र एक नसते. एकाच्या यंत्राचा उरलेला भाग भिंतीवर बसवलेला असतो आणि त्याचे वीजदेयक निराळे येते. ऑनलाइन परीक्षा, प्रात्यक्षिकांची आभासी साधने किंवा अध्ययनासाठी योजलेले खेळ यांची रचना थंड खोलीतील यंत्रावर तपासून केली गेली, तर ही विषमता अभ्यासक्रमातच शिरते आणि तिचे नाव 'यंत्र हळू आहे' एवढेच राहते.

समारोप

टिफ्रॅकपासून आजच्या पंखाविरहित लॅपटॉपपर्यंत यंत्रे विलक्षण कार्यक्षम झाली, हे निर्विवाद आहे. परंतु उष्णतेचा हिशेब संपला नाही. तो संस्थेच्या अंदाजपत्रकातून सायबर कॅफेच्या दरात, तेथून खेळ रचणाऱ्याच्या कौशल्यात आणि शेवटी घरातील वापरणाऱ्याच्या मांडीवर येऊन थांबला. प्रत्येक स्थलांतरात तो अधिक अदृश्य झाला. या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. खेळ वा शैक्षणिक साधने रचणाऱ्यांनी चित्रे रेखाटण्याची मर्यादा आणि कमी भाराचा पर्याय आरंभीच उपलब्ध करून द्यावा. मुंबईतील मोबाइल-खेळ उद्योगाने हे कौशल्य दोन दशकांपूर्वीच सिद्ध केले आहे. तसेच महाविद्यालयांनी संगणकीय साधने निवडताना ती पंख्याखालील, ३३ अंशांच्या खोलीत, तासभर सलग चालवून पाहावीत. उपनगरांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांची खोली तीच आहे, आणि त्यांच्यासाठी यंत्राचा खरा वेग त्या तासाच्या अखेरीस उरतो तेवढाच असतो.